यमुना खारीच्या उद्यापनाचा बुफे

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ होता. पण आज त्याचं काही काम नाही. गोष्ट आहे यमुना खारीची.

यमुनाताईंनी सोळा सोमवार केले. एकही चुकवला नाही. आता उद्यापन. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की शेवटचा पाहुणा 'तृप्त झालो' म्हणेपर्यंत घरच्या बाईने घास घ्यायचा नाही.

सोपी रीत. पंगत एकदम बसते, एकदम उठते, सगळे एकदम तृप्त होतात.

पण शेजारच्या विमल माकडीण आल्या. "अहो यमुनाताई, हल्ली पंगत कोण घालतं? बुफे ठेवा!"

"म्हणजे काय हो, वहिनी?"

"म्हणजे बाकडं. फ्रान्स देशातला शब्द आहे."

"अर्धवट माहिती!" फांदीवरून घुबडशास्त्री म्हणाले. "बाकडं जुन्या काळी. पुढे भांडी मांडायच्या कपाटाला म्हणू लागले. मग त्यावर मांडलेल्या जेवणाला."

करकोचेभाऊजी दूरदेशी फिरून आलेले. ते म्हणाले, "तिकडे तसल्याच तोंडवळ्याचा एक शब्द थपडेलाही होता. मूळ बाकी तिथल्या पंडितांनाही नक्की ठाऊक नाही."

"मग ठेवायचा कसा?"

"ज्याला जसा पटेल तसा!" विमलवहिनी म्हणाल्या.

यमुनाताईंनी महादेवाला हात जोडले. त्याने काही चांगलंच योजलं असेल.

सोमवारी बाकड्यावर पातेली मांडली. विमलवहिनी मठ्ठ्याशेजारी चढून बसल्या. बाकडंच ना ते! घुबडशास्त्री कुणाला हात लावू देईनात. "आधी बघा. मांडणी बघायची असते." तासाभराने रानडुकराचा धीर सुटला, अस्वलाला धक्का लागला, आणि थपडेचा अर्थही यथासांग पार पडला.

मग सगळे जेवले. उभ्याने, फिरत फिरत.

"तृप्त झालात ना?" उपाशी यमुनाताई एकेकाला विचारत होत्या.

"होतोय, होतोय!" म्हणून तो पुन्हा पातेल्याकडे.

ऊन उतरलं. हात कुठे धुवायचे एवढं विचारून एकेक जण निघून गेला. तृप्त झालो असं कुणीच म्हणालं नाही. चुरम्याचे दोन लाडू उरले, आणि व्रत अडकलं. यमुनाताईंची शेपटी भुकेने जमिनीला टेकली.

तेवढ्यात कासवकाका पोचले. बिचारे शुक्रवारीच निघाले होते.

"पोरी, बसू कुठे?"

यमुनाताईंचे डोळे भरून आले. त्यांनी पान मांडलं, भोवती रांगोळी काढली, लाडू वाढला. काका जेवू लागले. सावकाश. बाळांनो, किती सावकाश म्हणून सांगू! एक घास, मग एक आठवण, मग पुन्हा घास. यमुनाताई मनात जप करत होत्या, पण डोळे लाडवावरच होते.

दिवेलागणीला काकांनी पानाला नमस्कार केला. "तृप्त झालो गं! आता तू बस. मी वाढतो."

उरलेला लाडू त्यांनी वाढायला घेतला. तोही सावकाशच.

"काका," पहिला घास गिळून यमुनाताईंनी विचारलं, "बुफे म्हणजे नक्की काय हो?"

"मला काय कळतंय? पण वाटेत सगळे भेटले. म्हणत होते, खाणं झालं, जेवण राहिलं."

तात्पर्य : वेळेवर येणाऱ्यांच्या भरवशावर कुणी व्रत धरू नये. उशिरा येणारा एक तरी पाहुणा आठवणीने बोलवावा.