रिकाम्या कोनाड्याची सेवा

तंजावूरच्या एका फौजदारी न्यायालयात धर्माला प्रवेश नव्हता. ‘या दालनात धर्म आणू नये’ अशी पाटीच दारावर होती, आणि दर शुक्रवारी त्या पाटीला हार घालून, गंध लावून, कापूर ओवाळल्याशिवाय कामकाज सुरू होत नसे. हार कामाक्षी फुलवालीचा असे.

एका शुक्रवारी हार आला नाही, कारण आदल्या सकाळी वरुणरावांनी कामाक्षीच्या पायावरून मोपेड नेली होती. वरुणराव विमा कचेरीतून निवृत्त झालेले, पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेल्या मराठी घराण्यातले गृहस्थ. एकेरी रस्त्यात उलटे शिरले, तेव्हा चूक त्यांचीच. तीही त्यांनी कबूल केली. खटला उभा राहीपर्यंत पाटीला प्लास्टिकचा हार आला होता.

पायाला प्लास्टर घातलेली कामाक्षी बाकावर बसली होती. न्यायाधीश गुरुमूर्तींनी तिला विचारलं, “तुमचं काही म्हणणं?”

“अय्या, साहेब, याला तुरुंगात टाकून माझ्या टोपलीत फुलं पडणार आहेत का? पाय बरा होईस्तोवर यानं पहाटे फूलबाजारातून माझी फुलं मोपेडवर आणून द्यावीत. नाही आणली, तर मग खुशाल टाका आत.”

“आणतो,” वरुणराव म्हणाले.

इतकं सरळ त्या दालनात पूर्वी कुणी बोललं नव्हतं.

“योजनेत बसत नाही,” गुरुमूर्ती म्हणाले.

योजना अशी होती, की किरकोळ गुन्हेगाराने तुरुंगाऐवजी देवस्थानात झाडलोट करावी. पण राज्याला कुणावर धर्म लादता येत नाही. म्हणून ज्याने त्याने आपापल्या धर्माच्याच ठिकाणी झाडावं, आणि ज्याला ठिकाण नाही त्याने तुरुंगात जावं. भेदभावाला कुठे जागाच ठेवली नव्हती.

“न्यायालय तुमच्या धर्मात पडणार नाही. फक्त कोणता, तेवढं सांगा.”

“कोणताच नाही.”

“घरी देव्हारा असेल ना?”

“तो बायकोचा.”

मागच्या बाकावरून भागीरथीबाई कुजबुजल्या, “अहो, जरा अंगारा लावा कपाळाला आणि चला घरी! सांबार चुलीवर ठेवून आलेय मी.”

“खरं बोलेन म्हणून आत्ताच शपथ घातलीय यांनी मला.”

“ती काय सगळेच घेतात!”

न्यायाधीश पेचात पडले. तेव्हा शिरस्तेदार भरद्वाज पुढे झुकले. “सर, यांना तुरुंगात धाडलं तर देव न मानल्याची शिक्षा दिल्यासारखं होईल. सोडलं, तर उद्या गावातले सगळे चोर नास्तिक होतील.”

“मग?”

“यांनाही एक देवस्थान द्यावं लागेल.”

न्यायालयाच्या आवारात, सायकली लावायच्या जागेशेजारी, एक कोनाडा बांधण्यात आला. आत काहीही ठेवू नये असा लेखी हुकूम निघाला. भूमिपूजन सोडल्यास कोणताही धार्मिक विधी झाला नाही. वरुणरावांनी रोज सकाळी तो झाडायचा आणि आत काही नाही याची वाकून खात्री करायची. कामाक्षीच्या फुलांच्या मागणीवर ‘पाहिले’ असा शेरा पडला.

सुरुवातीला वरुणराव चरफडत झाडत. मग एका आरोपीने या म्हाताऱ्याला रोज कोनाड्यापुढे वाकताना पाहिलं आणि आपणही हात जोडले. दुपारी त्याला जामीन मिळाला. दुसऱ्या दिवशी तिथे रांग लागली.

“अरे, आत काही नाही!” वरुणराव ओरडले.

“केवढं ज्ञान!” रांगेतला एक वकील म्हणाला, आणि त्याने नारळ फोडला.

नारळाचं पाणी सांडू लागलं, म्हणून वरुणरावांनी दोरी बांधली. दोरी ओलांडून कुणी पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, तसबीर आत ठेवली, ती त्यांनी हुकमाप्रमाणे उचलून बाहेर काढली. रिकामेपण बाटू नये एवढाच हेतू. मग धूळ येते म्हणून चपला बाहेर, गोंगाट होतो म्हणून वेळा ठरल्या, गर्दी आवरेना म्हणून वरुणराव पांढरं स्वच्छ वेष्टी-धोतर नेसू लागले. कापूर-नारळ आणायला त्यांची मोपेड होतीच. शिक्षा संपली, त्या दिवशी मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांनी स्वतःच अर्ज केला. न्यायालयाने पश्चात्तापाची कौतुकाने नोंद घेतली.

एका सकाळी कामाक्षी काठी टेकत आली. पाय वाकडा जुळला होता.

“अय्या—”

“सामी म्हण,” वरुणराव म्हणाले. “आणि ती काठी बाहेर ठेव. रस्त्याची घाण असते तिला.”

“काठी ठेवून उभी कशी राहू? मोपेडचं विचारायला आले होते, सामी. चालत आणते तोवर फुलं माना टाकतात. तुम्ही कबूल झाला होतात...”

“मोपेड सेवेत आहे.”

कामाक्षी त्या कोनाड्याकडे पाहत राहिली. आत खरोखरच काही नव्हतं. रांग खोळंबली.

“पुढं सरका की हो आजी!” तिच्या मागून कुणीतरी ओरडलं. “आम्हालाही दर्शन घ्यायचंय!”

वरुणरावांनी मान वर केली नाही, त्यामुळे आवाज कुणाचा ते त्यांना कळलं नाही. तुम्हाला कळायला हरकत नाही. हातात नारळ घेऊन तिच्या मागे तुम्हीच तर उभे होतात.