पंचफुलाबाईंनी पंधरासाली करमुक्त खाते सर केले ती हकीकत

शके अठराशे सत्याण्णव, राक्षसनाम संवत्सर, फाल्गुन वद्य पक्ष, इंग्रजी सन एकोणीसशे शहात्तर, मार्च महिना. सोनपेठ मुक्कामी जे उपजले आणि परभणी शहरी जे तडीस गेले, ते लिहिणार कोणाचा चाकर नाही, कोणाचे मीठ खाल्ले नाही, सबब कोणाची भीड न धरिता लिहितो. किल्ले घेणारांच्या कथा लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु शहाण्यांसमोर उभे राहोन त्यांचाच कायदा त्यांस समजाविणे हे काम किल्ल्याहून कठीण, आणि ते एका प्राथमिक शाळेच्या बाईंनी केले, म्हणोन हा लेखनप्रपंच.

तर राजमान्य पंचफुलाबाई, सोनपेठच्या शाळेत दुसरीच्या वर्गाच्या सुभेदार, उमर वर्षे सव्वीस. बापाने लोकांच्या रानात रोजगार करून लेकीस मास्तरकीच्या ट्रेनिंगास धाडिले, आणि लेकीने त्या रोजगाराचे चीज केले. पती राजश्री चंद्रभान, कापसाच्या जिनिंगात कारकून, स्वभावे इतके सालस की 'नाही' हा शब्द त्यांच्या मुखास ठाऊकच नव्हता. कन्या गीता, दोन वर्षांची. आणि थोरले दीर सूर्यभान, ज्यांची हिंमत अफाट आणि अक्कल बेताची. त्यांनी प्रथम कुक्कुटपालनाची मोहीम काढिली, आणि दोनशे कोंबड्या पंधरवड्यात मर लागून कामास आल्या. मग बँड पथक उभे केले, तेव्हा वाद्ये चार आणि वाजविणारा एक, तोही ऐन लग्नसराईत सासुरवाडीस निघोन गेला. आणि दोन्ही मोहिमांचा खजिना पंचफुलाबाईंच्या पगारातून गेला, कारण दादा मागतात आणि चंद्रभान देतात, ऐसा त्या घराचा शिरस्ता.

ऐसे असता बाईंना पगाराचा मागील फरक एकरकमी बाराशे रुपये मिळाला. हे वर्तमान सूर्यभानांस वाऱ्याच्याही अगोदर कळले, आणि ते ओसरीवर येऊन बसले, आणि चहा घेतला, आणि मग मनसुबा प्रकट केला.

"चंद्रभान, देवगाव फाट्याला लय मोक्याची जागा घावलीय. चारी बाजूच्या गाड्या थांबतेत. हाटेल टाकायलोय. पंचफुलाचा फरक आलाय म्हणं. ऐतवारी येतो, काढून ठिवा."

चंद्रभानांनी मान हालविली. ती हो म्हणोन हालविली की नाही म्हणोन, हे त्यांचे त्यांसही उमजले नाही. पण त्या रकमेवर बाईंनी मनातल्या मनात कन्येचे नाव घातले होते. पोरीने कॉलेजात जावे, डॉक्टरीण व्हावे, निदान कोणापुढे हात पसरू नये, इतकीच त्यांची दौलत.

पूर्वी कधी त्यांनी वर्तमानपत्रात एक इश्तिहार वाचला होता, की सरकारने पंधरा वर्षांचे एक खाते काढिले आहे, त्याच्या व्याजास कर नाही. मग त्यांनी शाळेचे हेडमास्तर दत्तराव यांस पुसले. या दत्तरावांची ख्याती अशी की सर्व विषयांत सल्ला देत आणि कोणत्याही विषयात पडत नसत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून फर्मान सोडिले, "बाई, ते टॅक्सवाल्यांचं खातं हाय. तुमी टॅक्स भरता का? न्हाई ना? मग करमुक्त होऊन मुक्त कशातून व्हनार?"

यावर समस्त मास्तरमंडळ खो खो हासले. लिहिणार नमूद करितो की त्या मंडळात प्राप्तिकर म्हणोन एक पैसा कोणी जन्मात भरिला नव्हता, परंतु प्राप्तिकराचे जाणकार तेथे सात होते.

बाईंनी हासणारांकडे लक्ष दिले नाही. किरकोळ रजा एकच शिल्लक होती, ती शुक्रवारी घेतली, आणि रक्कम पदराखाली बांधोन, पहिली एस.टी. गाठोन परभणीस दाखल जाहल्या. तेथे एक मोठी पेढी, म्हणजे बँक, आहे, तिचे नाव लिहीत नाही, अब्रू सर्वांस असते. त्या पेढीत अशा खात्यांच्या मेजावर किशनराव नामे कारकून विराजमान होते. देह ठेंगणा, सबब खुर्चीवर जुनी परिपत्रके आणि पुस्तके रचोन त्यावर बैठक मारीत, आणि त्या उंचीवरून रयतेकडे पाहत. बाई एक घटका उभ्या राहिल्या तरी त्यांनी मान वर केली नाही. मग केली, आणि एकामागोन एक तीन तोफा डागिल्या.

पहिली तोफ अशी, की कर भरल्याचा दाखला आणा. दुसरी, की मालकाची सही आणा. आणि बाई तरीही हालेनात, तेव्हा तिसरी, "वर्षअखेरीची गडबड हाय बाई. एप्रिलात या. दहा दिवसानं काय बिघडतंय?"

बाई म्हणाल्या, "साहेब, हे कुठं लिहिलंय ते मला दाखवा."

लिहिलेले दाखवा, हा सवाल त्या पेढीत त्यापूर्वी कोणी केला नव्हता. किशनराव तांबडे जाहले, आणि नियमांचे पुस्तक कपाटात आहे म्हणाले, आणि कपाटाची किल्ली मोठ्या साहेबांकडे आहे म्हणाले, आणि मोठे साहेब रजेवर आहेत म्हणाले. बाई बाकावर जाऊन बसल्या. दुपार टळली, माणसे आली आणि गेली, सोनपेठची परतीची गाडी सुटावयास दोन तास उरले, आणि बाईंच्या डोळ्यांपुढे ऐतवार उभा राहिला. 

त्या पेढीचा शिपाई सटवाजी, मूळचा मेंढरांमागे हिंडलेला गडी. तो पाण्याचा पेला घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "बाई, कपाटात कायबी न्हाई. ते पुस्तक ह्या सायबाच्या बुडाखाली हाय. निळ्या पुठ्ठ्याचं. मीच ठिवलंय."

पंचफुलाबाई उठल्या आणि मेजासमोर गेल्या, आणि दुसरीच्या वर्गातील पोरास ज्या आवाजात उभे करितात त्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, जरा उठा."

किशनराव का उठले हे त्यांस आजतागायत सांगता येत नाही, पण उठले. बाईंनी खुर्चीवरल्या राशीतून निळे पुस्तक ओढिले, आणि त्या तख्ताची उंची चार बोटे उतरली, आणि रांगेतील लोक हासले. पुस्तक इंग्रजी. बाईंनी ओळीवर बोट ठेविले, आणि पोरांस शिकवितात तैसे अक्षर अक्षर लावीत वाचले, आणि जेथे अडले तेथे किशनरावांसच अर्थ पुसला, आणि किशनरावांस तो सांगावा लागला. येणेप्रमाणे कळों आले, की खाते कोणाही एका माणसाच्या नावे निघते, कर भरो वा न भरो. दाखल्याची अट कोठे नाही. मालकाच्या सहीची अट कोठे नाही. वर्षास शंभर रुपये तरी भरावे. आणि पंधरा वर्षे मोजावयाची ती खाते उघडिले ते सरकारी साल मार्चअखेर संपल्यावर.

बाई म्हणाल्या, "म्हणजे आज उघडलं तर एक्क्याण्णवच्या एप्रिलात सुटतं. एप्रिलात उघडलं तर ब्याण्णवच्या. दहा दिवसानं माझ्या लेकीचं एक वर्ष बिघडतंय, साहेब."

किशनरावांनी पुस्तक ओढोन घेतले आणि पुन्हा बुडाखाली घातले. हरलेला कारकून भय घालितो, हा त्या जातीचा धर्म. ते म्हणाले, "उघडा, उघडा. मंग रडत येऊ नका. पैका अडकून पडतो त्यात. तिसऱ्या वर्षापासून थोडं कर्ज, पाच वर्षं उलटल्यावर थोडी उचल, तीबी तुमच्याच सहीनं. कोर्टाचा हुकूम आणला तरी सावकाराला जप्ती आणता येत न्हाई."

"माझ्या मालकाला काढता येईल?"

"न्हाई."

"माझ्या दिराला?"

"आवो, अदुगर तुमालाच येत न्हाई, तर दिराला कुठून यील?"

हे ऐकोन पंचफुलाबाई मोठ्याने हासल्या. जो नियम लोकांस फास वाटे, तो यांस तटबंदी वाटला. करमाफीचे त्यांस काय कौतुक! त्यांनी अर्ज भरिला, बाराशे रुपये मोजोन दिले, वारस म्हणोन गीतेचे नाव घातिले, खातेपुस्तकावर शिक्का घेतला, आणि धावत जाऊन गाडी धरिली.

ऐतवारी सूर्यभान नवे धोतर नेसून आले. बाईंनी खातेपुस्तक पुढे ठेविले आणि म्हणाल्या, "भावजी, पैसे सरकारात अडकले. पंधरा वर्षं."

सूर्यभानांनी बोटे मोजिली. मग भावाकडे वळले. "चंद्रभान, तुझ्या सहीनं निघत आसतील की."

चंद्रभानांनी पुस्तक उलटेसुलटे पाहिले. त्यात आपले नाव कोठेच नाही हे त्यांस दिसले, आणि बाई त्यांच्या तोंडाकडे पाहू लागल्या, कारण पुरुषाचा मान कोठे दुखावेल याचा नेम नसतो. परंतु चंद्रभानांच्या मुद्रेवर लग्नानंतर प्रथमच ऐसे तेज आले की जणू पाठीवरचे पोते कोणी उतरविले.

ते म्हणाले, "न्हाई, दादा."

आणि तो शब्द जिभेस गोड लागला म्हणोन पुन्हा एकवार म्हणाले, "न्हाई."

सूर्यभान चहा न घेता निघोन गेले. येणेप्रमाणे फाल्गुन वद्य पक्षी, ऐतवारी, सोनपेठ मुक्कामी पंचफुलाबाईंची फत्ते जाहली. बाराशे रुपये आणि एक नवरा पदरी पडला. लिहिले ते खरे, ज्यास खोटे वाटेल त्याने परभणीस जाऊन नियम पुसावे, आणि पुसताना उभे राहण्याची तयारी ठेवावी.