नजराण्याच्या रुपयाची अखेरची फेरी

श्री कुलस्वामिनीस स्मरून आणि पदरचे एक अक्षर घालणार नाही ऐसे मनाशी ठरवून ही हकीकत मांडिली असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक वद्य द्वितीया, आदितवार. ते समयी नाणेसंग्राहकांचे राज्य वाचनालयाच्या माडीवर नांदत होते. हद्द म्हणाल तर पूर्वेस लाकडी जिना, पश्चिमेस न उघडणारी खिडकी आणि मध्ये हिरवी बनात घातलेले लांब मेज. सरदार म्हणाल तर अकरा असामी, सारे साठीचे आगेमागे. आणि हत्यार म्हणाल तर ज्याच्या त्याच्या गळ्यात एक भिंग. महिन्याचे तिसऱ्या आदितवारी सकाळी दहास दरबार भरे, आणि राज्याचा पहिला कायदा ऐसा की नाणे धरावे ते कडेला, अंगठा आणि तर्जनी यांचेमध्ये, ठशास बोट लागता कामा नये, कारण हाताचा घाम धातू खातो. जो हा कायदा मोडी त्यास त्या दिवशी चहा मिळत नसे, आणि मोठमोठे सरदार चहावाचून बसलेले लोकांनी पाहिले आहेत.

या राज्याचे बारावे सरदार अनंतराव गुळवणी, तारखात्यातून निवृत्त, आश्विनात देवाघरी गेले. आणि राज्याची जुनी रीत ऐसी की सरदार गेला म्हणजे ज्या नाण्यासाठी तो हयातीत सर्वांत अधिक भांडला, ते नाणे तबकात घालून साऱ्यांच्या हातांतून फिरवावे. यास अखेरची फेरी म्हणत. सारे जण 'अस्सल' म्हणाले तर सरदाराचे नाव भिंतीवरच्या पाटीवर पारखी म्हणोन चढे. एकाने जरी खोट दाखविली तरी नाणे मेजाच्या काळ्या खणात जाई, नवख्यांस खोटे कसे असते ते दाखविण्यापुरते बाहेर निघे, आणि पाटीवर नाव चढत नसे.

अनंतराव ज्यासाठी भांडले तो नजराण्याचा रुपया, म्हणजे दरबारात भेट देण्यापुरता पाडलेला, मोठा, घसघशीत. एकतीस वर्षांमागे शनवारच्या बाजारात एका भांडेवाल्याच्या ढिगात तो त्यांस गवसला, आणि त्याच सांजेस दुसरे सरदार रंगराव शितोळे, तेव्हा एस.टी.त कंट्रोलर, यांनी तो बोटाच्या टोकावर तोलून नखाने वाजविला आणि म्हणाले, "नाद बद्द आहे, अनंता. ठशानं पाडलेला नाही हा, साच्यात ओतलाय. खोटा आहे."

"कुणीतरी गळ्यात घालायला कडी डागली होती, म्हणून नाद बसलाय. कान साफ करून ये, रंगा."

तेथून जे युद्ध जुंपले ते मिटले नाही. दर आदितवारी चारच्या ठोक्यास रंगराव गुळवण्यांचे घरी येत, चहा पीत, रुपया वाजवीत, 'बद्द' म्हणत, आणि मग उठून चपला शोधीत.

आता अनंतरावांची एकुलती कन्या वैजयंतीबाई परगावी असत, त्या बापाचे घर आवरण्यास आल्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष हसनभाई तांबोळी यांनी निरोप धाडिला की अखेरच्या फेरीस रुपया आपण स्वहस्ते आणावा. म्हणोन दरबाराचे आदले दिवशी दुपारी बाईंनी नाण्यांचा डबा उघडिला. वर बापाचे भिंग ठेविले होते, त्याच्या काठास भुवईचे तेल लागून एक डाग राहिला होता, तो त्यांनी पुसला नाही. मग रुपया काढिला, आणि कायदा लहानपणापासून ठाऊक असता त्या घडीस भान राहिले नाही, तो तळहातावर घेतला, तीर्थ घ्यावे तैसा. उजेडाकडे हात कलला आणि नाण्याच्या कडेवर केसाएवढी रेघ दिसली, सभोवार फिरलेली. दोन साचे जुळवून ओतलेल्या नाण्यास ऐसी रेघ राहते, हे बापानेच त्यांस सातवे वर्षी शिकविले होते. सारे पारखी एकतीस वर्षे रुपया कायद्याने कडेला धरून ठसेच पाहत आले, आणि ती रेघ त्यांच्या अंगठ्याखालीच राहिली.

मग ज्या खाकी पाकिटात रुपया असे ते बाईंनी उलटून पाहिले, तो घडीच्या आतल्या अंगास बापाचे पेन्सिलीचे अक्षर: 'जून २०१३. कपाटाखाली घरंगळला, काढताना कड दिसली. जोड आहे. ओतीव, बनावट. रंगा खरा.' आणि खाली दुसरी ओळ: 'त्याला सांगत नाही. सांगितलं तर रविवारी यायला कारण उरणार नाही.' त्याच साली उन्हाळ्यात रंगरावांची बायको वारली होती, हे बाईंस आठवले.

मग मनाशी मसलत सुरू जाहली. पाकीट दाखवावे तर बापाचे नाव पाटीवर चढत नाही. न दाखवावे तर खोटे नाणे बापाच्या नावाने खरे ठरते आणि बापाचे अक्षर खोटे पडते. आदितवारी सकाळी बाईंनी गॅस पेटवून पाकिटाचा कोपरा आचेजवळ नेला, आणि मग गॅस बंद करून पाकीट पर्समध्ये घातले.

दहास फेरी निघाली. तबक हसनभाईंपासून सुटले आणि एकेक सरदार रुपया कडेला धरून भिंग लावी, दोन्ही अंगे पाही, आणि खाली ठेवून म्हणे, "अस्सल." मेल्या माणसाशी वाद नको म्हणोन म्हणत की खरेच वाटे म्हणोन, ते ज्याचे त्यास ठाऊक. बाई पर्सच्या बंदावर मूठ आवळून बसल्या होत्या. दहा जण जाहले आणि तबक अखेरीस रंगरावांपुढे आले. रंगरावांनी रुपया बोटावर तोलिला, नखाने वाजविला, आणि तो बद्द वाजला, साऱ्यांनी ऐकिला. त्यांनी पुन्हा वाजविला.

"बोला, रंगराव," हसनभाई म्हणाले.

"अस्सल."

"काय म्हणालात?"

"अस्सल आहे म्हटलं. सगळेच बहिरे झालात का?" ऐसे म्हणोन त्यांनी रुपया तबकात ठेविला.

हसनभाईंनी पाटी खाली घेऊन ब्रश रंगात बुडविला. तोच बाई उठल्या.

"थांबा, हसनभाई. ते नाणं खोटं आहे."

"वैजू, खाली बस," रंगराव म्हणाले. "तुला काय कळतं यातलं?"

"रंगाकाका, तळहातावर घ्या ते."

"कायदा आहे, पोरी."

"माहीत आहे. चहा नका पिऊ आज. पण घ्या."

रंगरावांनी रुपया तळहातावर घेतला आणि हळूहळू फिरविला. मग भिंग लाविले. मग भिंग गळ्यावर सोडून दिले आणि म्हणाले, "एकतीस वर्षं नाद ऐकत बसलो मी." बाईंनी पाकीट त्यांचे हाती दिले. त्यांनी पहिली ओळ वाचली, आणि दुसरीस त्यांस फार वेळ लागला.

"मोठ्यानं वाचा की," हसनभाई म्हणाले.

रंगरावांनी वाचिले ते 'रंगा खरा' येथवर.

"पुढं?"

"पुढं काही नाही. वजन लिहिलंय." आणि पाकिटाची घडी करून त्यांनी सदऱ्याचे खिशात घातली.

तेव्हा एक सरदार पुटपुटला की म्हणजे नाव चढायचे राहिलेच. हसनभाई ब्रश हातात धरून उभे होते, त्यावरून रंगाचा थेंब बनातीवर पडला. ते म्हणाले, "राहिलं कसं? आपण अकरा जणांनी आत्ता खोट्याला अस्सल म्हटलं. खोट दाखवली कुणी? अनंतरावांनी, स्वतःच्याच नाण्यातली. मग पारखी कोण, आपण की ते?" मग त्यांनी सावकाश अक्षर काढून नाव पाटीवर चढविले, आणि रुपया काळ्या खणात घातला, आणि त्याच बैठकीत कायद्यास पुरवणी जोडिली की प्रत्येक नाणे एकदा तळहातावर घेऊन त्याची कड पाहावी, आणि ती कशी पाहावी हे नवख्यास अनंतरावांच्या रुपयावरून दाखवावे. रंगरावांस त्या दिवशी चहा मिळाला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

बाई घरी येऊन बापाचे कपडे घडी करीत बसल्या होत्या. चारच्या ठोक्यास कडी वाजली. दारात रंगराव, खिसा तैसाच फुगलेला.

"चहा टाक," ते म्हणाले. "आणि तो दुसरा डबा काढ, तांब्याच्या नाण्यांचा. त्यातलं एक मला वीस वर्षं खटकतंय."

बाईंनी दार पुरते उघडिले. मग म्हणाल्या, "आधी कान साफ करून आलात का?"

आणि रंगराव चपला काढून आत आले.

येणेप्रमाणे नजराण्याचा रुपया खोटा ठरला आणि अनंतराव गुळवणी पारखी ठरले. पाकिटातील दुसरी ओळ राज्यास आजवर कळली नाही. हकीकत इतुकीच, लिहिणाराचे नाव विचारू नये.