दिगंबरअण्णांचे थेंब

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये कूलंटवर, म्हणजे यंत्रावरचं काम गार ठेवणाऱ्या पाण्यावर, तरंगणारं तेल दर शनिवारी काढून टाकतात. दिगंबरअण्णांच्या लेथच्या टाकीवर मात्र खडूने लिहिलंय, 'थेंब मोडू नयेत'. तीन आठवड्यांत टाकीला असा वास सुटला की सुपरवायझर नाकाला रुमाल लावून भांडायला आला.

अण्णा त्यालाच थेंब दाखवू लागले. "साहेब, ना भिंत, ना झाकण. तरी तेल तेलाला धरून हाय का न्हाई? मेंदूत बी असंच चालतंय!"

हे खूळ त्यांच्या पुतणीचं. ती प्रयोगशाळेत असते. मेंदूतल्या दोन पेशी जिथे एकमेकींशी बोलतात, तिथे प्रथिनं अशीच थेंबासारखी गोळा होतात आणि त्या सांध्यावरची मांडणी नीट ठेवायला मदत करतात, असं तिने सांगितलं. "काका, हे औषध नाही हं," असंही बजावलं.

"औषध कोण मागतंय? सांधा रोज वापरायचा, एवढं कळलं. बास."

गेल्या दिवाळीनंतर अण्णांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. शब्द हळूहळू परतू लागले. पण डॉक्टरांनी नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा काकूंनी मान खाली घातली. डॉक्टरांनी लिहिलं, 'आठवत नाही'. अण्णा उखडले. "अहो, तीस वर्षांत हिनं उखाण्याबाहेर माझं नाव घेतलंय का? लाजली ती!"

चहाच्या सुट्टीत मात्र मला हळूच म्हणाले, "लाजली का विसरली, मलाच ठरवता येईना. लई भ्या वाटतंय, राव."

तेव्हापासून शिफ्ट सुटली की अण्णा ओव्हरटाइमला नाही म्हणतात आणि घरी जाऊन काकूंकडून त्यांचा लग्नातला उखाणा घोकून घेतात: 'वेशीपाशी वड, वडापाशी विहीर, दिगंबररावांना जेवायला रोजच उशीर'. एक दिवस चुकवला नाही. तापातसुद्धा बसले.

परवा मी भेटायला गेलो, तेव्हाही तेच चाललं होतं.

"वेशीपाशी वड, वडापाशी..."

"विहीर," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं आणि चांगला हात उचलून पदर तोंडाशी धरला.

अण्णा ताडकन उठले. मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लोटलं. पाहुण्याला असं हाकलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, पण राग आला नाही. मी गॅलरीत उभा राहिलो. आत अण्णांनी उखाणा पुन्हा पहिल्यापासून धरला. मग काकूंचा जड आवाज आला, "दिगं... दिगं..."

दार उघडलं. अण्णांचे गाल ओले होते.

"अर्धं आलं, राव," ते म्हणाले. "अर्धं उद्या."