सहाशे अठरा सह्या

काल्नोवो गावात आपल्याइतकं वजन दुसऱ्या कुणाच्या शब्दाला नाही, अशी त्सान्को मास्तरांची प्रामाणिक समजूत होती. चौतीस वर्षं त्यांनी गावाला पदार्थविज्ञान शिकवलं होतं. गावाला ते फारसं आलं नव्हतं, पण तो दोष ते गावाकडे ठेवत. म्हणूनच बाजारचौकातल्या बंद पडलेल्या तंबाखूच्या गोदामात विज्ञान आणि कलेचं संग्रहालय करायचं ठरलं, आणि निधी देणाऱ्यांनी पाचशे नागरिकांच्या सह्या मागितल्या, तेव्हा मास्तर नगरपालिकेत उभे राहून म्हणाले, "पाचशे कशाला, सहाशे आणतो." सह्या जमल्या नाहीत तर गोदाम जुगारघर काढणाऱ्या एका गृहस्थाला जाणार होतं.

त्याच दिवशी मास्तरांनी आणखी एक अर्ज टाइप केला. ते राहत त्या इमारतीचे व्यवस्थापकही तेच होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पेन्काबाईंनी बाल्कनीत कोंबडा पाळला होता. तो पहाटे चारला आरवे. बाल्कनी मास्तरांच्या उशाला लागून होती, त्यामुळे या अर्जात त्यांनी जरा जास्तच जीव ओतला. एक अर्ज खाली दारापाशी, कुणी गेलं की तिथं लावतात त्या मृत्यूच्या नोटिसांशेजारी टाचला आणि दुसरा फळीला अडकवून ते निघाले.

"चष्मा राहिला तुझा," बायको रायना आतून म्हणाली.

"मजकूर मी लिहिलाय. तो वाचायला मला चष्मा कशाला?"

दिवस मिरच्या भाजायचे होते. गावभर तोच वास होता आणि बायकांचे हात कोपरापर्यंत लाल. नऊ दिवस मास्तर चष्म्याशिवायच फिरले. प्रत्येकासमोर उभे राहून छोटंसं भाषण करत, मग फळी पुढे धरत. आपल्या वाणीत एवढी ताकद आहे की लोक कागदाकडे बघतही नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना ते आवडलं. काही जण मात्र अडखळले.

"सर, थोडं समजुतीनं नाही का मिटणार?" औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"समजुतीत तीस वर्षं गेली," मास्तर म्हणाले. "आता कृती."

"तीस?" बाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांकडे काळजीनं पाहिलं आणि सही केली.

बेकरीवाला मिन्चो त्यांचा जुना विद्यार्थी. त्यानं पिठाचे हात पुसले, कागदावर वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"सर, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी पायपीट?"

"एवढीशी? मिन्चो, पुढच्या पिढ्यांचा प्रश्न आहे हा. तुझी मुलं जगाकडे कुठल्या नजरेनं बघणार, ते यावर ठरणार आहे."

मिन्चोनं सही केली आणि वर गरम बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पदराच्या रोटीचा, एक तुकडा दिला. मास्तरांनी तो गुरुदक्षिणा म्हणून खाल्ला.

शुक्रवारी, म्हणजे शेवटच्या दिवशी, दुपारी दोन वाजता ते नगरपालिकेत गेले आणि आवक खिडकीवर सहाशे अठरा सह्या ठेवल्या. झिव्का नावाच्या कारकून बाईंनी आधी शिक्का मारला, नोंद केली, आणि मग वाचलं.

"मास्तर, हे तुम्हीच लिहिलंय?"

"शब्द न् शब्द."

"मग ऐका. 'आम्ही खाली सही करणारे नागरिक मागणी करतो की, तिसऱ्या मजल्यावरील श्रीमती पेन्का यांचा कोंबडा, जो समाजाच्या स्वास्थ्याचा शत्रू आहे, तातडीने हटवण्यात यावा.' पुढे दोन पानं आहेत. वाचू?"

मास्तरांनी खिडकीची कड धरली. समाजाच्या स्वास्थ्याचा शत्रू, हे शब्द त्यांना सुचले तेव्हा ते किती खूश झाले होते, तेही त्यांना आठवलं.

"आणि पाचशेच्या वर सह्या असल्या की विषय सभेपुढे घ्यावाच लागतो," झिव्काबाई म्हणाल्या. "नोंद झाली आहे."

"मागे घेता येईल?"

"ज्यानं दिला त्यानं आजच्या आज घेतला तर येईल. कारण लिहावं लागेल."

झिव्काबाईंचा चष्मा उसना घेऊन मास्तरांनी लिहिलं: 'अर्जदाराने स्वतःचा अर्ज वाचला नव्हता.' चौतीस वर्षं हेच वाक्य ते मुलांच्या उत्तरपत्रिकांवर थोड्या फरकानं लिहीत आले होते. स्वतःच्या नावापुढे ते भलतंच शोभून दिसत होतं.

घरी दारापाशी संग्रहालयाचा अर्ज टाचलेला होता. कोंबड्याचा अर्ज कधी येतो याची इमारत वाट बघत होती, त्यामुळे नऊ शेजाऱ्यांनी न वाचताच सह्या ठोकल्या होत्या. वर शेरेही होते. 'पहाटे झोप होत नाही.' 'लवकर कापून टाका.' 'सूप केलंत तर बोलवा.' आपल्या संग्रहालयाबद्दलची ही मतं वाचत मास्तर जिन्यात उभे होते, तेवढ्यात पेन्काबाई खाली आल्या. काखेत कोंबडा होता. काल्नोवोत बातमी माणसाच्या आधी घरी पोचते.

"सहाशे अठरा माणसं, मास्तर," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "माझ्या लग्नाला साठ होती. हे गेल्यावर घरात सकाळी कुणाचा आवाज म्हणून नव्हता, तेव्हा हा आणला. मला सांगितलं असतंत तर रात्री न्हाणीघरात कोंडला असता. तुम्ही कधी दार वाजवलंत?"

मास्तरांनी वाजवलं नव्हतं. चार पायऱ्यांवरचं दार वाजवायचं सोडून त्यांनी अडीच पानं टाइप केली होती. त्यांनी सगळं सांगितलं. अर्जाची अदलाबदल, चष्मा, मागे घेतलेला अर्ज, पाच वाजताची मुदत. सांगताना ते आपल्याच गोष्टीतलं गाढव असल्यासारखे दिसत होते आणि तसं त्यांना वाटतही होतं.

"कुठलं गोदाम? तंबाखूचं?" पेन्काबाईंनी विचारलं. "यांची सगळी नोकरी गेली तिथं. तिथं जुगार?"

"आज पाचनंतर."

"कागद द्या इकडे. आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तुम्ही बोललात की लोक भलत्याच गोष्टीवर सही करतात."

मास्तरांनी शेऱ्यांचं पान वगळून मजकूर नव्या पानांना जोडला, या वेळी चष्मा लावून, दोनदा तपासून. चौकातल्या कारंज्याच्या कट्ट्यावर पेन्काबाई कोंबडा मांडीवर घेऊन बसल्या. समाजाचा शत्रू दिसतो तरी कसा, हे बघायला अख्खा बाजार लोटला. मिरचीवाल्या आल्या, बस थांबवून चालक आला, औषधवाल्या बाई दुकान उघडं टाकून आल्या. मास्तरांना गर्दीमागे पाण्याच्या नळापाशी उभं केलं होतं. पेन्काबाई प्रत्येकाशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत होत्या आणि माणूस लगेच सही करत होता. मास्तर दोनदा तोंड उघडायला गेले, दोन्ही वेळा पेन्काबाईंनी नुसतं पाहिलं. आयुष्यात प्रथमच ते दोन तास गप्प होते, आणि त्या दोन तासांत पाचशे चाळीस सह्या झाल्या. भाषणांसकट त्याच कामाला त्यांना नऊ दिवस लागले होते.

पाचला सात मिनिटं असताना झिव्काबाईंनी शिक्का मारला. या वेळी आधी वाचून.

जाताना मास्तर बेकरीत शिरले. मनावरचं ओझं कुठेतरी उतरवायलाच हवं होतं.

"मिन्चो, मी तुम्हा सगळ्यांना फसवलं रे. माझ्या बोलण्याच्या भरात कुणी कागद वाचलाच नाही."

"वाचला की," मिन्चो म्हणाला. "मी वाचला, औषधवाल्या बाईंनी वाचला. बहुतेकांनी वाचला, सर. आम्हाला वाटलं, तुमचं वय झालं. कोंबड्यासाठी पुढच्या पिढ्या आणि काय काय. पण एवढ्या उन्हात दारोदार फिरताय, तर नाही कसं म्हणायचं?"

मास्तर पिठाच्या पोत्यावर बसले.

"आणि आजचा कागद? तोही वाचलास?"

"आज कुठला वेळ? पेन्काबाई म्हणाल्या, कोंबडा वाचवायचाय, सही कर. केली."

"सगळ्यांना हेच सांगितलं त्यांनी?"

"दुसरं काय सांगणार?"

 मास्तरांनी भीत भीत विचारलं, "आणि संग्रहालय? ते तुला नकोय का, मिन्चो?"

"हवंय की. गावात सगळ्यांनाच हवंय," मिन्चो भट्टीचं दार लावत म्हणाला. "पण त्याच्यासाठी सही मागायला कुणी आलंच नाही."