भुजंगभाऊचा कामगंध सापळा

कोणता किडा कशाच्या वासानं कुठं ओढला जातो, हे अख्ख्या सेलू तालुक्यात भुजंगभाऊएवढं कुणालाच कळत नाही. हे मत खुद्द भुजंगभाऊचंच. पण त्याच्या बियाणं-औषधाच्या दुकानात चहा फुकट मिळायचा, म्हणून लोक माना डोलवायचे.

कपाशीला बोंडं लागली की भुजंग कामगंध सापळ्यावर बोलायला लागायचा. सापळा म्हणजे काय, तर प्लास्टिकचं नरसाळं आणि खाली लांबोडकी पिशवी. वर मादीच्या वासाची एक इवलीशी गोळी बसवायची. बोंडअळीचा नर पतंग तो वास घेत येतो, आता बायको भेटणार या आशेनं आत शिरतो आणि पिशवीत अडकून बसतो.

"वासापुढं नराची मती चालत न्हाई," भुजंग सांगायचा. "फक्त गोळीला अत्तराचा, तंबाखूचा हात लावू नका. अन् गोळीचा हात अंगाला पुसू नका. तो वास लवकर जात न्हाई."

असा हा वासातला दर्दी माणूस, आणि याच्या बायकोनं आषाढापासून आपली खाट बाहेरच्या खोलीत नेली होती.

"आत लय वास येतो," एवढंच राजेश्री म्हणाली.

नेमकं तेव्हाच दुकानाचं गोदाम गळायला लागलं होतं. त्या धावपळीत भुजंगनं जास्त चौकशी केली नाही. वास येतो म्हणजे आपलाच येत असणार, दुसरं कोण आहे आत? त्यानं साबण बदलला. खाट हलली नाही. राजेश्रीनं पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा साबण बदलला. तिसऱ्या वेळेला तर त्यानं दवाखान्यासारख्या वासाचा लाल साबण आणला आणि दोन वेळा आंघोळ सुरू केली. खाट तिथंच. लेक शिकायला नांदेडला, घरात तो, राजेश्री आणि त्याची आई चांगुणाबाई. रात्री आतल्या खोलीत एकटा पडला की भुजंगला पहिल्यांदाच त्या नर पतंगांची दया यायला लागली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि त्याला आपली बायको परत हवी होती.

शेवटी विद्यापीठात मिटिंग आहे अशी थाप मारून तो परभणीला गेला. तिथं नवराबायकोच्या अडचणींवर सल्ला देणाऱ्या एक मॅडम होत्या. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"वासाचा आणि जवळिकीचा संबंध असतोच," त्या म्हणाल्या. "एखाद्या वासानं जुनी माया जागी होते, एखाद्यानं मन उडतं. असं करा, दोघांनी आपापल्या आवडीचे वास समोर ठेवा. डोळे मिटून हुंगा. काय आठवलं ते एकमेकांना सांगा. आणि त्यांना कोणता वास नको वाटतो, ते आधी विचारा."

"मॅडम, ह्या लाइनीतलं मला समजतं. आमी कामगंध सापळे इकतो."

"माणूस गोळीनं येत नाही हो. विचारावं लागतं."

भुजंगनं मान हलवली आणि मनात म्हणाला, विचारायचं काय त्यात? दुकानात आलेल्या शेतकऱ्याला मात्र तो, पानाखाली काय दिसतं हे दहा वेळा विचारल्याशिवाय पुडी देत नसे. पण बायको म्हणजे काय गिऱ्हाईक आहे?

तिथून तो थेट दर्ग्याच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याकडं गेला. मोगरा घेतला, खस घेतलं, आणि नाव न कळलेलं एक काळंशार अत्तर घेतलं.

"भाऊ, कान के पीछू जरासाच लगाने का," अत्तरवाला म्हणाला. "पंप भर के मारने की चीज नक्को समझो इसको."

घरी येऊन आंघोळ उरकली आणि भुजंगनं खुंटीवरचा धुवट पांढरा सदरा घातला. सदऱ्याच्या खिशात मात्र सकाळीच ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट होतं. मागच्या रानातला सिताराम ते न्यायला संध्याकाळी येणार होता. पाकीट फाटून गोळ्या खिशात सांडलेल्या. भुजंगनं त्या मुठीनं गोळा करून खिडकीच्या फळीवर ठेवल्या आणि त्याच हातानं अत्तराकडं वळला. तीन औषधं एका पंपात कालवू नका म्हणून जो माणूस शेतकऱ्यांवर खेकसायचा, त्यानं तिन्ही अत्तरं तळहातावर एकत्र केली. मानेला चोळली, छातीला चोळली, उरलेली मिशांना पुसली.

"भुजंग्या, कोन वारलं रं?" बाहेरून चांगुणाबाई ओरडल्या. "मयतीला गेलता का?"

भुजंगनं मिशा पिळल्या. खिडकी उघडली. खिडकीमागं सितारामची कपाशी. दिवेलागण होऊन गेली होती. मग त्यानं हाक मारली, "राजेश्री, जरा आत ये बरं."

राजेश्री पिठाच्या हातांनी दारात आली. आधी शिंकली. मग डोळे मोठे करून भुजंगकडं बघतच राहिली. तिची नजर त्याच्या मानेवरून हलेना. डोस लागू पडला, भुजंगला वाटलं.

"किती दिवसांनी अशी बघायलीस गं," तो हळूच म्हणाला.

"अवो, तुमच्या मानेवर काईतरी वळवळायलंय."

भुजंगनं चिमटीत धरून ते दिव्याखाली नेलं. "बोंडअळीचा पतंग हाय," तो अभिमानानं म्हणाला. "नर."

आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कारण दुसरा कानावर बसला होता, तिसरा मिशीत शिरत होता आणि खिडकीतून त्यांचं बाकीचं वऱ्हाड येत होतं.

भुजंग बाहेरच्या खोलीत पळाला, पतंग मागं. अंगणात पळाला, पतंग मागं. चांगुणाबाईंनी केरसुणी घेतली आणि पतंगांना म्हणून लेकाला बडवायला सुरुवात केली. तेवढ्यात फाटकात सिताराम उभा.

"भुजंगभाऊ," तो हरखून म्हणाला, "माज्या सापळ्यात पुऱ्या मौसमात एवढे घावले न्हाईत. तुमी कोणत्या कंपनीची गोळी बसवली?"

"आई, झाडू नको मारू गं!"

"मंग अत्तर कशाला थापलंस?" चांगुणाबाई.

आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. भुजंग ओट्यावर मटकन बसला आणि राजेश्रीकडं न बघता सगळं सांगून टाकलं. थापेची मिटिंग, मॅडम, अत्तर. "तू खाट बाहेर काढलीस. वास येतो म्हनलीस. मला करमंना गेलं गं तुज्यावाचून." सिताराम अदबीनं कपाशीकडं बघायला लागला.

 राजेश्रीनं त्याच्या दंडाला धरून त्याला आत नेलं आणि दिवाणावरची गादी उचलून फळी उघडली. आत औषधाचे खोके ठासून भरले होते.

"गोदाम गळायलंय म्हनून चार दिवसांसाठी ठेवलेत तुमी. आषाढात. ह्याचा वास येतो म्हनून मी सांगत व्हते. तुमी दर येळंला साबण बदलून यायलाव."

भुजंगनं खोक्यात डोकं घालून दीर्घ श्वास घेतला. त्याला काहीच वास आला नाही. इतकी वर्षं औषधांत काढून त्याचं नाकच गेलं होतं, आणि हे त्याला आज बायकोनं सांगितल्यावर समजलं. तालुक्यातला वासाचा मोठा जाणकार तो!

सितारामनं हात लावला, खोके दुकानात गेले. राजेश्रीनं दिवाण पुसला, फरशी पुसली, गोळ्या सितारामच्या हवाली केल्या. जेवणं झाल्यावर ती आपली उशी घेऊन आतल्या खोलीत आली. भुजंगचा जीव भांड्यात पडला. तोही लगबगीनं आत निघाला, तर त्याच्या आधी दोन पतंग आत शिरले.

"तुमी भाईर," राजेश्री म्हणाली.

लाल साबणानं दोनदा घासूनही उपयोग झाला नव्हता. शेवटी बाहेरच्या खोलीत, राजेश्रीच्याच खाटेवर, मच्छरदाणीत भुजंग आडवा झाला. जाळीवर चारी बाजूंनी पतंग बसले होते. आयुष्यात त्याच्या मागं एवढं कुणी लागलं नव्हतं, आणि लागले ते सगळे नर.

राजेश्री मच्छरदाणी खोचायला आली. खोचता खोचता वाकली आणि त्याच्या कानापाशी हुंगली.

"मोगरा चांगलाय तसा," ती म्हणाली. "पुढच्या येळंला एकच आना. अन् त्या मॅडमकडं मीबी येते. नाकाचं बी इचारू."

 भुजंगनं जाळीतून तिची बोटं धरली. तिनं ती सोडवून घेतली नाही. आता काहीतरी गोड बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि उशाशी फोन वाजला.

"भुजंगभाऊ," सिताराम बोलत होता, "सापळे लावले, पन एकबी पतंग येईना. समदे तुमच्याकडंच गुतलेत जनू. उद्या सांच्याला जरा माज्या रानात येऊन हुबं ऱ्हाता का? चहा मी आनतो."