पडेल भावाचे बादशहा

दिगंबरराव खंडारे एका सकाळी फाटकाशी उतरलेल्या चेहऱ्याने उभे होते.

"काय झालं काका?" मी विचारलं.

"प्रोबसले मारलं सर."

मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. "कोणी?"

"त्याच्याच शिपायायनं. उन्हातानात दलदल उपसाले लावली त्यायले. भडकले. मारला."

पोलीस आले का, असं मी विचारलं. दिगंबररावांनी माझ्याकडे नापास पोराकडे पाहावं तसं पाहिलं आणि सांगितलं, की प्रोबस हा रोमचा बादशहा होता आणि घटनेला सतराशेच्या वर वर्षं होऊन गेली. त्यांना मात्र ती त्याच सकाळी चहासोबत कळली होती, त्यामुळे सुतक ताजं होतं.

राजापेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी संध्याकाळी इंग्रजीचे क्लास घेतो, दुपारी मोकळा असतो. दिगंबररावांची सगळी नोकरी अकोटच्या जिनिंगमध्ये गेली. ते कापसाचे ग्रेडर. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांब, माल कोणत्या दर्जाचा, गाडीवाल्याने पाणी मारलंय की नाही, हे सांगून मोकळं व्हायचं. रिटायर झाले, अमरावतीला आले, दोन वर्षांत काकू गेल्या. मुलगा हैदराबादला. अंगठ्यांना काम उरलं नाही.

मग कधीतरी मोबाईलवर त्यांना कळलं, की खरीखुरी रोमन नाणी परदेशात ऑनलाइन लिलावात विकली जातात, आणि झिजलेली असली तर चपलेच्या भावात जातात.

"इचार करा सर," ते मला म्हणाले, "चप्पल सा महिन्यात तुटते. हा बादशहा इतके शेकडे वर्षं टिकला. मंग घेनाऱ्यानं काय घ्यावं?"

मी त्याच आठवड्यात चप्पल घेतली होती. पाय खुर्चीखाली घेतले.

दिगंबररावांची पद्धत ठरलेली. लिलाव तिकडच्या सकाळी, म्हणजे आपल्या दुपारी. फोटो अंधारलेला, नाव चुकीचं लिहिलेलं आणि विकणारा कंटाळलेला, असाच माल ते शोधत. "मार्केट झोपू द्या," हा त्यांचा मंत्र. शेवटची दहा सेकंदं उरेपर्यंत बोली लावायची नाही. त्या दहा सेकंदांत ते पंखा बंद करत. वाऱ्याने बोट हलतं म्हणत. एकदा त्याच वेळी मी दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "मेलो असं समजा सर, दोन मिन्टानं या!"

घेतलेली नाणी ते रुईवर ठेवत. चांदीच्या नाण्याला लांब धाग्याची रुई, तांब्याच्याला मध्यम. गॅलिएनस नावाच्या बादशहाला सरकीचा कचरा असलेली. कारण त्याने चांदीत तांबं मिसळलं. "कापसावर पानी मारनाऱ्यायची औलाद," असं म्हणून ते त्याचा डबा बंद करत. तिसऱ्या गॉर्डियनवर मात्र जीव. तेराव्या वर्षी गादीवर बसवलं, विशीच्या आत मेला. "शिकाचं वय होतं पोट्ट्याचं," एवढंच म्हणत.

मुलगा सुट्टीत आला की डबे पाहून म्हणायचा, "बाबा, काहून हा कचरा जमा करून राहिले?" दिगंबरराव डबे आत ठेवून देत.

या सगळ्यात एकच माणूस आडवा यायचा. त्या साइटवर बोली लावणाऱ्यांची टोपणनावं आणि शेजारी देशाचा झेंडा दिसतो. दिगंबररावांचं नाव 'अकोट किंग'. हे नाव त्यांना मोबाईलच्या दुकानात लावून मिळालं होतं. दुसरा 'ऑलिव्हो'. त्याचा झेंडा पोर्तुगालचा, हे मी सांगितलं. तो दिगंबररावांसारखाच. अंधारलेले फोटो शोधायचा, मार्केट झोपू द्यायचा, आणि शेवटून दुसऱ्या सेकंदाला जागा व्हायचा.

"नेलं! लेकाच्यानं गॉर्डियन नेला माहा!" भिंतीपलीकडून दुपारी हे ऐकू आलं, की माझी बायको म्हणायची, "पोर्तुगाल जिंकलं वाटते." सहा वर्षं हे चाललं. त्याला शिव्या देताना दिगंबररावांची तब्येत सुधारत असे.

मग गेल्या वर्षी शिव्या थांबल्या. दिगंबरराव लागोपाठ जिंकू लागले. मी अभिनंदन केलं, तर म्हणाले, "मजा नाई सर. तो दिसून नाई राहिला. चार महिने झाले."

"सुट्टीवर गेला असेल."

"इतकी सुट्टी कोन देते?"

एका दुपारी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. नवा लिलाव होता. वर इंग्रजीत दोन ओळी. मी वाचून मराठीत सांगितलं, 'पोर्तुगालमधल्या एका दिवंगत शाळामास्तरांचा संग्रह, कुटुंबाकडून.' दिगंबररावांनी फोन परत घेतला आणि एकेक फोटो सरकवू लागले. "हा गॉर्डियन. कानापाशी चिरलेला. हा माह्या हातून गेलता. हा बी. हे तर दिवाळीत..."

लिलावाच्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं. मला वाटलं, आता हरलेलं सगळं स्वस्तात परत घेणार. पण पहिलं नाणं निघालं आणि त्यांनी वेळ संपायच्या मिनिटभर आधीच बोली लावली. मग समोरच्याने वाढवली की पुन्हा वाढवली, भाव चांगला चढेपर्यंत. दुसऱ्यालाही तेच. पंखा फिरत होता.

"काका, मार्केट जागं करून राहिले तुम्ही!"

"करू द्या."

"पण जास्त पडेल ना."

"पडन तर पडन." त्यांची नजर फोनवर होती. "माल पडेल भावानं गेला, तर त्याच्या घरचे म्हनतीन, म्हातारा कचराच जमा करत होता. असं नाई म्हनलं पायजे कोनी."

त्या दुपारी बहुतेक नाणी चढ्या भावाने दुसऱ्यांकडे गेली. चार दिगंबररावांच्या गळ्यात पडली. गॉर्डियन त्यांत नव्हता. वाईट वाटलं का, विचारलं, तर म्हणाले, "चांगल्या भावानं गेला. भलं झालं."

आठवड्याने त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. लिलावघराने ते कुटुंबाला पोचवावं, अशी विनंती. मजकूर त्यांचा: 'तुमच्या वडिलांची नजर पक्की होती. मी चाळीस वर्षं माल तपासला आहे, म्हणून सांगतो. त्यांनी एकही नाणं चुकीचं घेतलं नाही.'

उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण मुलीचं आलं. मी वाचलं. तिचे वडील शेवटची वर्षं एकटेच राहत होते. ती रविवारी फोन करायची, तेव्हा ते आठवडाभराची हकिकत सांगायचे, आणि त्यात हिंदुस्थानातल्या एका माणसाला भरपूर शिव्या असायच्या. शेवटी दवाखान्यातही त्यांनी विचारलं होतं, की तो सध्या काय घेतोय. मुलीने लिहिलं होतं, 'तो माणूस तुम्हीच का?'

दिगंबररावांनी पंखा बंद केला. मग म्हणाले, "परत वाचा. दवाखान्याचं."

मी परत वाचलं.

"लिहा," ते म्हणाले, "तो मीच." मग खुर्ची पुढे ओढून बसले. "अन्‌ इचारा तिले, नेमक्या कोनत्या शिव्या देत होता. सगळ्या लिहून पाठव म्हना. लाजू नको म्हना."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"सहा वर्षं कोनीतरी आपलं नाव घेऊन राहिलं होतं सर," ते म्हणाले, "अन्‌ आपल्याले पत्ताच नाई."